विमानाचा तुकडा

माझं फोटोचं दुकान आणि टेकचंद मास्तरांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ यांच्या मधली भिंत एका विटेची होती. त्यामुळे आमगावच्या बाजारात सगळ्यात जास्त गाणी फुकट ऐकलेला माणूस मीच असणार. ऐकली म्हणजे काय, सोसली. एकच ओळ दिवसभर चालायची. एखाद्या मंडळाचा गायक 'माय' म्हणताना जरा घसरला की मास्तर त्याला थांबवायचे, आणि मग पुन्हा 'माय', पुन्हा 'माय'. संध्याकाळी घरी जाऊन मी आईला हाक मारली की तीही त्याच चालीत निघायची. आई विचारायची, "बरा आहेस ना गा बाबू?"

मास्तर शाळेतले नव्हेत. झाडीपट्टीच्या नाटकांत ते ऑर्गन वाजवायचे, म्हणून मास्तर. घराणं पोवाराचं, गाव बिरसीजवळ. धानाची शेती थोरला भाऊ हेतराम बघायचा आणि हे धाकटे सुरांच्या मागे हिंडायचे. शेती दोघांची एकत्रच होती. हेतरामदादानं वर्षाचा तांदूळ आमगावला पोचवायचा आणि मास्तरांनी दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात घरच्यांना पहिल्या रांगेत बसवायचं, असा त्या भावांचा कारभार होता. पन्नाशीला टेकलेले मास्तर दादासमोर पान खात नसत, आणि दादा त्यांना चारचौघांत "ए टेकू" म्हणून हाक मारायचा. मास्तरांना त्याचं काही वाटायचं नाही. उलट कुणी "टेकचंदजी" म्हटलं की ते मागे वळून बघायचे, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून.

ऑर्गनची सुपारी कमी झाली तेव्हा, नव्व्याण्णव सालच्या आसपास, त्यांनी हा स्टुडिओ काढला. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गोधड्या ठोकलेली एक खोली, कॅसेटची दोन यंत्रं आणि एक माईक. रेकॉर्डिंग सुरू करायचं म्हणजे मास्तर ओरडायचे, "पंखा बंद!" मग आत गाणारे घामानं निथळायचे आणि मास्तर कानाला हेडफोन लावून, डोळे गच्च मिटून बसायचे. असे डोळे मिटलेले असताना त्यांना सगळं ऐकू यायचं. रस्त्याच्या टोकाला कुल्फीवाल्याची घंटी वाजली की ते हात वर करायचे, सगळे थांबायचे आणि घंटी आम्हाला ऐकू यायची ती त्यानंतर.

कचारगडच्या यात्रेआधी सालेकशाकडची गोंडी मंडळी कॅसेट काढायला यायची. मास्तरांना गोंडी फारशी येत नव्हती. पण आधी म्हाताऱ्या गायकाला बाकावर शेजारी बसवून एकेका ओळीचा अर्थ विचारून घ्यायचे, हा देव कोण, ही बाई कोण, ती रडते कशाला. चहावर चहा व्हायचे. मंडळी कंटाळायची. "सायबा, गाणं भरा ना आता," ते म्हणायचे. मास्तर म्हणायचे, "समजल्याबिगर बटन कसा दाबू? मी काय गिरणीवाला आहो?"

मग कॉम्प्युटर आला.

तो बसवायला नागपूरचा एक इंजिनिअर आला होता. केस उभे, जीन्स, तोंडात खर्रा. त्यानं गाण्याचं सॉफ्टवेअर टाकलं आणि दाखवायला म्हणून एक गाणं घेतलं. माऊसला त्यानं हातच लावला नाही. सगळं काम कीबोर्डवर. पडद्यावर गाण्याची आवाजाची नक्षी दिसत होती. तो बोटं टपटप मारायचा आणि नक्षीचे तुकडे व्हायचे, सरकायचे, एकाचे दोन व्हायचे, नको ते नाहीसे व्हायचे. मास्तरांची गिऱ्हाइकं, मी, चहावाला, सगळे तोंड उघडे टाकून बघत होतो. नंतर मास्तर खुर्चीवर बसले. त्यांनी माऊस धरला, तो टेबलाच्या कडेपर्यंत नेला, पुढे टेबल संपलं म्हणून उचलून पुन्हा मागे आणला. बाण कुठे गेला ते त्यांना दिसेना. इंजिनिअर हसला. "मास्टरजी, ऐसे चूहा पकड़के बैठोगे तो बारात वापस चली जाएगी और आपका गाना नहीं बनेगा."

सगळे हसले. मीही हसलो. मास्तर कानापर्यंत लाल झाले. रात्रभर नाटकात ज्यांची बोटं न बघता ऑर्गनवर धावायची, त्या माणसाला 'डी' कुठे आहे ते शोधायला चष्मा नाकावर ओढावा लागत होता. इंजिनिअर गेल्यावर त्यांनी शटर अर्धं खाली केलं आणि मला म्हणाले, "बोटाची लाज मले कधी वाटली नव्हती गा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर माऊस शेपटीनं खिळ्याला टांगलेला. शपथच घेतली होती जणू. त्यांनी शॉर्टकट शिकायला सुरुवात केली, पण आपल्या पद्धतीनं. एकेक शॉर्टकट त्यांनी तालात बसवला. कापायचं, जोडायचं, उचलायचं, चिकटवायचं, प्रत्येकाचा बोल वेगळा. 'शिफ्ट धरून बाण, कंट्रोल एक्स' हा दादऱ्यात. 'कंट्रोल सी, कंट्रोल व्ही' हा केरव्यात. एसटीत पुढच्या सीटच्या दांडीवर त्यांची बोटं चाललेली असायची. जेवताना ताटाच्या कडेवर डावा हात चालायचा आणि काकू वैतागून म्हणायच्या, "जेवा ना सुधं! ताट काऊन वाजवून राहिले?" मास्तर म्हणायचे, "वाजवून नाही राहिलो. कापून राहिलो."

काही महिन्यांत हात असा बसला की बघत राहावं. वीज जायच्या आत काम संपवायचं या धास्तीनं आणखी वेग आला. मंडळी बाहेर चहा प्यायला जायची, परत येईपर्यंत गाणं तयार. देवरीकडची, तिरोड्याकडची, पलीकडे बालाघाटची माणसं यायला लागली. "मास्टर का हाथ देखना है तो आमगाव जाओ," असं गोंदियातली पोरं बोलायची, आणि हे कुणी येऊन सांगितलं की मास्तर खालमानेनं हसायचे, पण ऐकलं नाही असं दाखवून पुन्हा एकदा सांगायला लावायचे. जगातल्या माणसांची त्यांनी सरळ वाटणी करून टाकली होती. तलाठी, बँकेतला कॅशियर, मी, हे सगळे 'माऊसवाले'. एखादा अल्बम द्यायला मला उशीर झाला की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "अरे माऊसवाल्या, पोरीले पोरगं झालं, आता त लग्नाचे फोटो दे!"

एक गोष्ट मात्र हळूहळू बदलली, आणि ती आमच्या कुणाच्या लक्षात आली नाही. मास्तर आता डोळे मिटत नव्हते. मिटून चाललंच नसतं. गाणं आता पडद्यावर दिसत होतं. फुगलेली नक्षी म्हणजे आवाज, सपाट रेघ म्हणजे रिकामं. सपाट दिसलं की बोटं दादरा वाजवायची आणि ते रिकामं नाहीसं व्हायचं. पूर्वी गाणं संपेपर्यंत ऐकावंच लागायचं, आता बघून भागत होतं.

हेतरामदादाच्या थोरल्या मुलीचं, सरिताचं लग्न ठरलं तेव्हा मास्तरांनी स्वतःहून सांगितलं, मांडवाची गाणी मी भरून देतो. तेव्हा लग्नांत डीजे शिरला होता आणि बायकांचा आवाज त्याच्यापुढे ऐकू येत नसे. घरच्या बायकांच्या आवाजातली गाणी मोठ्या भोंग्यावर लागतील, तीही खास आपल्या घरची नावं घातलेली, याची सगळ्या गावाला अपूर्वाई वाटली. म्होरकी गाणारी नवरीची आईच, झेलनवहिनी. त्या पट्ट्यात तिच्याइतका मोकळा गळा दुसरा नव्हता. मास्तर तिला भौजी म्हणायचे, आणि सूर म्हणजे काय ते मी आधी भौजीच्या जात्यावर ऐकलं, मग ऑर्गनवर, असं सांगायचे.

बायका काही आमगावला यायला तयार होईनात, म्हणून मास्तरांनी सगळं सामान गावी नेलं आणि अंगणात माईक लावला. त्या वेळी मीही फोटो काढायला बरोबर होतो. वहिनी माईकजवळ, बाकीच्या बायका मागे भिंतीशी. अडचण एकच. बिरसीला विमान चालवायला शिकणारी पोरं सकाळपासून आभाळात घिरट्या घालत होती. एक विमान गेलं की दुसरं. मास्तर हात वर करून किती वेळा थांबवणार? शेवटी म्हणाले, "मशीन चालूच ठेवतो भौजी, विमान आलं की तुमी थांबा, गेलं की पुढं गा. विमानाचे तुकडे मी मंग कापून टाकीन. मले एका मिनिटाचं काम आहे."

आता ते गाणं कसं असतं ते सांगितलं पाहिजे. मांडव कोणाचा, पोर कोणाची, असं विचारत विचारत एकेक कडवं जातं आणि प्रत्येक कडव्यात घरातल्या एकाचं नाव येतं. आधी आजा, मग बाप, मग काका, मग मामा. गाण्यात सासऱ्याचं, दिराचं नाव चालतं, पण बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे तर आमच्याकडे साऱ्यांना ठाऊक. दवाखान्यात चिठ्ठी काढताना माझी आईसुद्धा मला पुढे ढकलायची, "सांग बाबू, तुह्या बाचं नाव सांग." त्यामुळे बापाचं कडवं आलं की वहिनी गप्प झाली. ते कडवं मागच्या बायकांनी गायलं. भिंतीशी बसून, माईकपासून लांब, जरा लाजत. ते संपलं आणि वहिनीनं काकाचं कडवं उचललं. अंगणातल्या कोणाला यात काही वेगळं वाटलं नाही. मास्तरांनाही वाटलं नाही, कारण जन्मभर त्यांनी हे असंच ऐकलं होतं.

आमगावला येऊन मास्तर कामाला बसले. भिंतीपलीकडून मला फक्त बोटांचा आवाज येत होता. पडद्यावर वहिनीचा आवाज टपोरा दिसत होता, आणि मधे मधे विमानाच्या घरघरीची पातळ पट्टी. मास्तर त्या पट्ट्या काढत गेले. बापाच्या कडव्याला वहिनी गप्प होती, लांबच्या बायकांचा आवाज तसाच पातळ पट्टीचा दिसत होता. तीही विमानाचीच धरून त्यांनी कापली, पुढचं मागं ओढून जोडलं, खाली ढोलकीचा ठेका घातला. ठेका अखंड असल्यामुळे सांधा कुठे कळलाच नाही. "झालं!" म्हणून ते चहा सांगायला बाहेर आले, तेव्हा माझा पहिला फोटोही अजून कॉम्प्युटरवर नीट करून झाला नव्हता.

मांडवाच्या दिवशी सीडी लागली. भरदुपार, अंगणात पाहुणे खच्चून. हेतरामदादा नवीन धोतर नेसून पाटावर बसला होता. भोंग्यातून वहिनीचा आवाज आला आणि माणसं बोलायची थांबली. मास्तर खांबाशी उभे होते आणि ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होते. मांडव कोणाचा? आज्याचं नाव आलं, फागुलाल. पोर कोणाची? आणि वहिनीच्या स्वच्छ, मोठ्या आवाजात नाव आलं, टेकचंद.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग बालाघाटकडचा एक पाहुणा, अशा माणसाला नेमकं बोलायचं असतंच, मोठ्यानं म्हणाला, "काऊन गा, पोरीचा बाप बदलला का?"

हसू फुटलं. मास्तरांना पाहुणा काय म्हणाला ते ऐकू गेलं नव्हतं, फक्त हसू ऐकू आलं. त्यांना वाटलं सीडी अडकली. "थांबा, थांबा, काहीतरी गडबड आहे," म्हणत ते धावले आणि त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी अंगणात अवाक्षर नव्हतं. सगळा मांडव कान देऊन ऐकत होता. मांडव कोणाचा, फागुलालचा. पोर कोणाची, टेकचंदची. माझ्या गळ्यात कॅमेरा होता आणि मला तो कुठे लपवावा ते कळत नव्हतं.

मास्तरांनी वायर उपटली. हेतरामदादा पाटावरून उठला, धोतराचा सोगा हातात धरून बांधाकडे चालता झाला. वहिनी आत गेली.

मास्तर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आत जायचं त्यांना धाडस झालं नाही. पाठमोऱ्या वहिनीला म्हणाले, "भौजी, मले वाटलं ते विमान होय."

वहिनी वळली. "चार बायांनी त्याईचं नाव घेतलं, अन् तुमाले विमान ऐकू आलं?"

"ऐकू नाही आलं भौजी. मी ऐकलोच नाही. मी नुसता पाह्यलो."

अंगणात त्या पाहुण्यानं जे तोंडातून काढलं होतं ते तिच्याबद्दल होतं, आणि ते पुन्हा उच्चारायची सोय तिलाही नव्हती आणि मास्तरांनाही.

संध्याकाळी पंगत बसली. दादा परत आला होता. त्यानं स्वतः वाढलं, यजमान होता ना तो. प्रत्येकापाशी थांबून आग्रह करत होता. मास्तरांच्या पत्रावळीपाशी आला, भात वाढला आणि म्हणाला, "घ्या, टेकचंदजी." मास्तरांनी मान वर केली नाही. तो भात त्यांनी सगळा खाल्ला, पण कसा खाल्ला ते शेजारी बसून मला बघवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी ते कडवं परत घालून नवी सीडी केली. पोचवायला मात्र मला पाठवलं, लग्नाच्या अल्बमबरोबर. वहिनीनं अल्बम ठेवून घेतला आणि सीडी माझ्या हातात परत दिली. "लगन त झालं ना बाबू. आता हे कायले?" आमगावला परतल्यावर मास्तरांनी सीडी घेतली आणि वहिनी काय म्हणाली ते विचारलं. मी सांगितलं. "बरोबर आहे," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या वर्षी दोघा भावांची शेती वेगळी झाली. ती तशीही झाली असती, दोन्हीकडे पोरं मोठी झाली होती. पण गावात लोक गाण्याचंच नाव घ्यायचे, आणि मास्तरांनी ते कधी खोडून काढलं नाही. तांदूळ यायचा बंद झाला. मास्तर बाजारातून तांदूळ विकत घ्यायचे आणि मला बघून पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचे.

त्यांचं कामही बदललं. बोटांना सगळं येत होतं, ते कुठे जाणार? पण ते आता डावा हात मांडीखाली दाबून बसायचे आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे, डोळे मिटून. मग एक तुकडा कापायचे. मग पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकं चुळबुळ करायची. "मास्टरजी पहले जैसे नहीं रहे," म्हणायची, आणि गोंदियात नव्या पोरांकडे जायची. मी एकदा चिडलो. म्हटलं, मास्तर, एकदा चूक झाली म्हणून धंदा बुडवता का? ते म्हणाले, "चूक झाली असती त सुधारली असती गा. मी भावाच्या अंगणात उभा राहून त्याले त्याच्याच पोरीच्या मांडवातून बाहेर काढलो. अन् वरतून पुन्हा वाजवून दाखवलो."

चारपाच वर्षांनी हेतरामदादाच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. आमंत्रण आलं, पण पत्रिका वाटणाऱ्या पोराच्या हातून. फोटोचं काम माझ्याकडे होतं. मास्तर म्हणाले, "मले घेऊन चाल. मी मागं उभा राहीन."

या वेळी सीडी नव्हती. डीजेवाल्याला बाजूला बसवून बायका तोंडानं गाणार होत्या. गाणं सुरू व्हायच्या आधी मास्तर बायकांच्या घोळक्यापाशी गेले. मी जवळच कॅमेरा जुळवत होतो. हात जोडून म्हणाले, "भौजी, एक आयका. काकाचं कडवं सोडून द्या. माहं नाव नका घेऊ."

वहिनीनं पदर खोचला. "गाण्यातून नाव कापाचं काम तुमचं आहे, भाऊजी. माहं नाही."

आणि तिनं गाणं उचललं. आवाज आता जरा बसका झाला होता. फागुलाल झाले. मग ती थांबली, आणि मागच्या बायकांनी हेतरामचं नाव घेतलं, असं खणखणीत की रस्त्यावरचा माणूस वळून बघेल. ते कडवं पुरं होऊ दिलं तिनं. मग मान वर करून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं पुढचं नाव घेतलं. टेकचंद. काकाच्या जागी, जिथं ते असायचं तिथं.

त्यानंतर मास्तर रायपूरला मुलाकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. माझ्या डोळ्यांसमोर ते राहिलेत ते त्या मांडवातलेच. मंडपाच्या कडेला हात जोडून उभे, डोळे मिटलेले, मान खाली. समोर सतरंजीवर हेतरामदादा बसला होता. तो मास्तरांकडे बघत होता, आणि त्यानं सरकून आपल्या बाजूला एका माणसाची जागा केली होती. गाणं संपलं, पंगती बसल्या, उठल्या. मास्तरांनी डोळे उघडले नाहीत, आणि दादानं दुसऱ्या कुणाला तिथं बसू दिलं नाही.